धाकटीची चटई

अप्पा, तुमच्या धाकटीनं एक चटई बनवली आहे. तिच्या कंपनीत त्या वस्तूला पॅड म्हणतात, पण आमच्या आईनं, अव्वानं, पहिल्याच दिवशी चटई म्हटलं आणि आपल्या घरात तेच नाव पडलं. दिसायला जाडसर कापडाची, पसरली तर उशीच्या दुप्पट, एका कडेला वायर आणि नखाएवढा दिवा. आत तांब्याच्या चपट्या कॉइल शिवलेल्या आहेत, एकीला लागून एक. अव्वाच्या डाव्या बरगडीवर, काखेच्या जरा खाली, दहाच्या नाण्याहून थोडा मोठा सेन्सर चिकटवलेला असायचा. तो तिच्या काळजाचे ठोके मोजायचा. ठोका चुकला की माझ्या मोबाइलवर आणि तिकडं पुण्यात धाकटीच्या मोबाइलवर घंटा वाजायची. त्या सेन्सरला ना भोक, ना पिन, ना झाकण. अंघोळीचं पाणी आत शिरायला जागाच ठेवलेली नाही. मग तो चार्ज कसा व्हायचा? अव्वा दुपारी जेवून चटईवर डाव्या कुशीला आडवी झाली, की चटईतल्या कॉइलमधून सेन्सरमधल्या इवल्याशा कॉइलमध्ये वीज उतरायची. मधे चादर, मधे पोलकं, तारेला तार कुठंच लागत नाही. अव्वाची बोटं संधिवातानं वाकडी झालीत, तिला पिन खुपसायला जमलं नसतं, आठवणही राहिली नसती. तिनं नुसतं झोपायचं होतं.

तुम्ही असता तर चटई उलटीपालटी करून बघितली असती आणि मग शुक्रवार पेठेतल्या एकेका दुकानाच्या पायरीवर उभं राहून सांगितलं असतं, "आमच्या धाकटीनं केलंय हे." ते मला ऐकावं लागलं नाही, एवढं एक तुमच्या जाण्यानं वाचलं. हे लिहिताना माझीच मला लाज वाटतेय. पण खोडत नाही. दुकानातल्या जॉबकार्डाच्या पाठकोऱ्या कागदावर लिहितेय, आणि जॉबकार्डावर खाडाखोड केलेली तुम्हाला कधी चालली नाही.

तुम्हाला तो दिवस आठवतो का, मला माहीत नाही. मी चौदा वर्षांची, ती आठ. रविवार असल्यामुळं आपलं मोटार वाइंडिंगचं दुकान अर्धं बंद. तुम्ही एका जळलेल्या मोटारीच्या आर्मेचरची तपासणी करत होता. ग्राउलरच्या, त्या विजेवरच्या चुंबकाच्या, खोबणीत आर्मेचर फिरवायचं आणि वर करवतीचं पातं धरायचं. जिथं कॉइल शॉर्ट असेल तिथं पातं थडथड उडायचं. आम्ही दोघी बघत होतो. काम झाल्यावर तुमच्या मनात काय आलं कोण जाणे, तुम्ही एक रिकामी कॉइल उचलली, तिच्या दोन टोकांना बॅटरीतला बल्ब जोडला आणि ती ग्राउलरवर अधांतरी धरली. बल्ब लागला. कुठं काही जोडलेलं नाही, आणि बल्ब लागला. मी विचारलं, "अप्पा, किती वेढे आहेत ह्या कॉइलला?" आणि धाकटीनं विचारलं, "अप्पा, किती लांबून लागंल?" तुम्ही हात हळूहळू वर नेला. बल्ब मंद झाला, लाल झाला, विझला. मग तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात, "हिनं बरोबर विचारलं." एवढंच. तुम्ही तिला उचललंसुद्धा नाही, लाडानं काही बोलला नाहीत. पण मी गेली चाळीस वर्षं त्या कॉइलचे वेढे मोजतेय, अप्पा. माझ्या प्रश्नात काय चुकलं होतं? वेढे किती, हे माहीत नसेल तर बल्ब लागेल का जळेल हे कसं कळणार? तुमचाच धंदा तो. मी तुमच्या धंद्याचा प्रश्न विचारला होता.

दहावीनंतर तुम्ही मला दुकानात बसवलंत. त्याआधीही मी बसतच होते. शाळेतून येऊन फर्म्यावर तार गुंडाळायची, मोटारीच्या खाचांत इन्सुलेशनचा कागद बसवायचा. पण दहावीनंतर शाळाच राहिली नाही. कुणीतरी विचारलं तेव्हा तुम्ही सांगितलंत, "हिचा हात माझ्यापेक्षा हलका हाय. असला हात शिकवून येत न्हाई." किती फुगले होते मी ते ऐकून! पूर्व भागातल्या यंत्रमागांच्या मोटारी तेव्हा रोज यायच्या, आपल्याला श्वास घ्यायला फुरसत नसायची, आणि कारखानदार मोटार सोडताना म्हणायचे, "पोरीलाच करू दे." मला कळायला फार वर्षं लागली, की हात चांगला असणं हे माझ्या पायातलं दावं झालं. धाकटीचा हात जड होता. ती तार ओढायची तर इनॅमल खरवडायची. म्हणून तिला तुम्ही वाइंडिंगला बसू दिलं नाहीत, आणि म्हणून ती शिकली. जिला येत नव्हतं ती पुण्याला गेली.

ती बारावी झाली त्या दिवशी तुम्ही पेढ्यांचा पुडा घेऊन दुकान माझ्यावर टाकून निघालात. माझ्यासमोर एका मागाची मोटार अर्धी भरलेली होती. एका खाचेतला कागद फाटला होता. मला दिसलं होतं. बाहेर काढून नवा कागद घालायला दहा मिनिटं लागली असती. बाहेर लोक तुमचं अभिनंदन करत होते, तुमचा आवाज मला आतपर्यंत येत होता, आणि मी ती कॉइल तशीच दाबून बसवली. चौथ्या दिवशी त्या मोटारीच्या अंगात करंट उतरला. मागावरचा माणूस फेकला गेला. वाचला, पण महिनाभर त्याच्या हाताला मुंग्या येत होत्या. तुम्ही मोटार उघडली, खाच बघितली, मला जवळ बोलावलंत. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. तुम्ही म्हणालात, "हात चुकला असता तर मी काय बोललो नसतो. तुला दिसलं हुतं." आणि आठ दिवस माझ्याशी बोलला नाहीत. त्या माणसाकडं मात्र रोज जाऊन येत होता.

पुण्याला जाताना एसटी स्टँडवर तिची ट्रंक मी उचलली होती. गाडी लागली तेव्हा तुम्ही पिशवीतून ती लाकडी पेटी काढलीत. तुमचा मायक्रोमीटर. तारेचं गेज मोजायचा, आतून हिरवं मखमल, तुमच्या उस्तादांनी तुम्हाला दिलेला. मी तो वर्षानुवर्षं पुसून, तेलाचा थेंब सोडून, पेटीत ठेवत आले होते. तुम्ही तो तिच्या हातात दिलात. जिनं आयुष्यात एक कॉइल भरली नाही तिच्या हातात. मला म्हणालात, "तुला काय करायचाय? तुला तर बोटाला कळतंय की गेज." हे कौतुक होतं, मला माहीत आहे. तुमची सगळी कौतुकं मला अशीच रिकाम्या हातानं मिळाली.

होटगीच्या सासरहून मी परत आले तेव्हा तुम्ही एक शब्द विचारला नाहीत, हेही लिहिलं पाहिजे, नाहीतर हे पत्र एकाच बाजूला कलतं. चार वर्षांचा संसार मोडून, एक पिशवी घेऊन मी दुकानाच्या पायरीवर आले. तुम्ही वर बघितलं, तुमच्या शेजारचं स्टूल सरकवलंत आणि फर्मा माझ्यापुढं ठेवलात. त्या वेळी मला वाटलं, परत कामाला जुंपलं. आता वाटतं, तुम्हाला तेवढंच येत होतं. शेवटच्या आजारात मी तुमच्या तोंडाला पाण्याचा पेला लावत होते आणि तुम्ही विचारत होता, "धाकटीचा फोन आला का?" दिवसातून तीन-तीनदा. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. आता पत्राच्या मूळ कामाकडं येते.

अव्वाचे ठोके मधूनच चुकतात, असं डॉक्टरांनी गेल्या दिवाळीत सांगितलं. महाशिवरात्रीच्या आधी धाकटी आली, चटई आणि सेन्सर घेऊन. कंपनीनं तो अजून बाजारात आणलेला नव्हता. मोजक्याच म्हाताऱ्या माणसांना वापरायला दिला होता, त्यांत तिनं अव्वाला घातलं. मधल्या खोलीत तिनंच घेतलेला लाकडी दिवाण आहे, त्यावर चटई अंथरली, अव्वाला झोपवून बघितलं. हिरवा दिवा लागला. तिनं मला शिकवल्यासारखं सांगितलं, "अक्का, हिरवा म्हणजे वीज उतरतेय. नारिंगी म्हणजे चटईला करंट आहे, पण सेन्सरला पोचत नाही. चटई इथून हलवू नको हं, जागा मी बघून ठरवलीय." तिनं मला हे समजावून सांगावं! मी "बरं" म्हटलं. अव्वा झोपल्या झोपल्या म्हणाली, "लई गोड हाय गं चटई. काय बी करायला नको, नुसतं लोळायचं. तुमच्या अप्पांनी बघाय पायजे हुतं." दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. मी चहा टाकायला उठले.

दोन महिने सगळं ठीक चाललं. मग आपलं सोलापूरचं ऊन सुरू झालं. मधल्या खोलीवरचा पत्रा दुपारी भट्टीसारखा तापतो. अव्वा एका दुपारी कंटाळून उठली, "साकु, पुरे झालं मला. हितं भाजून निघायलंय," म्हणत मागच्या खोलीत कूलरपाशी गेली आणि तिथल्या जुन्या पलंगावर झोपायला लागली. चटईवरच झोपायचं हे धाकटीनं बजावलेलं, म्हणून चटई स्वतः ओढत नेली, गादीवर अंथरली, प्लग लावला. तो पलंग लोखंडी पट्ट्यांचा आहे, तुम्ही मंगळवारच्या बाजारातून आणलेला.

तिसऱ्या दिवशी मी तिथं चहाची कपबशी उचलायला गेले. अव्वा घोरत होती. दिवा नारिंगी होता. मी सहज हात खाली घातला, गादी पातळच आहे, पट्टीला हात लावला. पट्टी कोमट होती. अप्पा, मला एका क्षणात कळलं. जी वीज अव्वाच्या सेन्सरमध्ये उतरायची, ती खालचं लोखंड पीत होतं. शॉर्ट कॉइलवर पातं उडतं, तशातलंच हे. कुठल्या कॉलेजात जायला नको होतं ते कळायला. आणि मला आनंद झाला. आधी आनंद झाला, हे मला तुमच्यापासून लपवायचं नाही. इतकी शिकली, इतकी मोठी कंपनी, आणि जुन्या बाजारातल्या पलंगापुढं चटई हरली. आणि हे आख्ख्या जगात फक्त मला माहीत आहे. हातातली कपबशी घेऊन मी तशीच वाकून राहिले, पट्टीवरनं हात काढवेना.

चटई उचलून दिवाणावर ठेवायची आणि टेबलफॅन तिकडं न्यायचा, एवढंच काम होतं. संध्याकाळी करू म्हटलं. केलं नाही. पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारी धाकटीचा फोन आला, ती कुठल्याशा मीटिंगला जाता जाता बोलत होती. "अक्का, अव्वाच्या सेन्सरचा चार्ज उतरत चाललाय. चटईचा दिवा लागतो ना?"

"लागतो की," मी म्हटलं. खोटं बोलले नाही.

तिनं अव्वालाही विचारलं. अव्वा म्हणाली, "व्हय बाई, चटईवरच झोपते की रोज." तीही खोटं बोलली नाही. बुधवारी परत फोन. "अक्का, दिवा हिरवाच आहे ना? एकदा बघून सांग." मी म्हटलं, "गिऱ्हाईक हाय दुकानात, बघून सांगते." गिऱ्हाईक खरंच होतं. सांगितलं मात्र नाही. गुरुवारी सकाळी सेन्सर बंद पडला. तिनं तीनदा फोन केला, मी उचलला नाही. मग तिचा मेसेज आला : मी शनिवारी येते, बहुतेक माझ्याच सर्किटमध्ये काहीतरी चुकतंय, तोवर अव्वाला एकटं सोडू नको. मी वाचला आणि मनात म्हटलं, येऊ दे. येऊन बघू दे. तिच्या तोंडावरचं कोडं मला बघायचं होतं. ती विचारेल, मग मी सांगेन, असं मी मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. ती कुठं बसेल, मी कुठं उभी राहीन, इथपर्यंत.

शुक्रवारी अकराच्या सुमाराला अव्वा आत भाकरी करत होती. मी दुकानात पाण्यातल्या पंपाची मोटार भरत होते, हँडल फिरवत, वेढे मोजत. करपल्याचा वास आला. अव्वा विसरली असेल, असं वाटलं. तेव्हा माझी मोजणी चाळीसच्या घरात होती, आणि त्या कॉइलला बासष्ट वेढे लागतात. मधेच उठलं तर मोजणी चुकते. मी बासष्ट पूर्ण केले, टोकाला गाठ मारली, आणि मग उठले.

अव्वा ओट्याखाली पडली होती. कपाळ फुटलेलं, एक हात अंगाखाली, पीठ सगळीकडं. तव्यावर भाकरीचा कोळसा. मी हाका मारल्या तेव्हा तिनं डोळे उघडले आणि विचारलं, "काय झालं गं? भाकरी उलटली का?" ती केव्हा पडली, दोन मिनिटांपूर्वी का वीस, मला आजही माहीत नाही. सेन्सर चालू असता तर ती पडायच्या आधीच माझ्या मोबाइलवर घंटा वाजली असती. रिक्षात ती माझ्या मांडीवर होती, तिच्या कपाळाला मी पदर दाबून धरला होता, आणि माझ्या कानात तुमचं ते एक वाक्य होतं. तुला दिसलं हुतं.

डॉक्टरांनी विचारलं, "ह्यांना ते मशीन लावलं होतं ना? कालपर्यंतचं रेकॉर्ड मिळेल का?" मी सांगितलं, बंद आहे. त्यांनी मान हलवली आणि आत गेले. काळीज मधेच काही सेकंद थांबत होतं. छातीत पेसमेकर बसवावा लागेल म्हणाले. चारच्या आत धाकटी पोचली, पुण्याहून स्वतः गाडी चालवत. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात ती माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. "माझ्यामुळं झालं, अक्का. मी काहीतरी अर्धवट बनवलं आणि आपल्या अव्वालाच लावलं." तिच्या केसांत आता माझ्याएवढेच पांढरे आहेत. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते, अप्पा, आणि गप्प होते. ती स्वतःला दोष देत होती आणि मी तो घेऊ देत होते. मनात एक बारकासा कोपरा तर तेव्हाही सुखावत होता. तो कोपरा कुठं असतो माणसात? डॉक्टरांना दाखवता आला असता तर मीच म्हटलं असतं, हा कापून टाका.

दुसऱ्या दिवशी अव्वाचं ऑपरेशन नीट पार पडलं. ती शुद्धीवर आल्यावर आम्हाला घरी जाऊन अंघोळ करून यायला सांगितलं. धाकटीनं अंघोळ केली नाही. तिनं चटई मागच्या खोलीतून आणली, मधल्या खोलीत दिवाणावर पसरली आणि बंद पडलेला सेन्सर वर ठेवला. हिरवा दिवा. परत उचलला, परत ठेवला. हिरवा. ती जमिनीवर बसली, डोकं दिवाणाला टेकून. "चालतंय की, अक्का. सगळं चालतंय. मग झालं काय?" मी जुळवून ठेवलेली वेळ हीच होती. तिचं तोंड अगदी तसंच झालं होतं, जसं मला बघायचं होतं. पण मला बघवेना. मी तिचा हात धरून तिला मागच्या खोलीत नेलं, चटई पलंगावर टाकली, प्लग लावला, सेन्सर ठेवला आणि तिचा हात गादीखाली पट्टीवर नेऊन ठेवला. थोड्या वेळानं म्हटलं, "अव्वा हितं झोपत हुती."

तिचा हात तसाच राहिला. "कधीपासून?"

"पंधरा दिवस झाले असतील."

"तुला कधी कळलं?"

"तिसऱ्याच दिवशी."

ओरडेल असं वाटलं होतं. ती अगदी हळू म्हणाली, "अक्का, तुला माझा एवढा राग होता तर मला मारायचंस. अव्वाला मधे का घातलंस?"

"राग न्हाई गं," मी म्हटलं. "हेवा." हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा तोंडानं उच्चारला. वाटला होता त्यापेक्षा लहान निघाला.

"कशाचा?"

काय काय सांगणार होते मी? बल्ब, पेढे, दहावी, तुमचे शेवटचे दिवस. तोंडातून निघालं ते मात्र, "अप्पांनी तुला मायक्रोमीटर दिला." चोपन्न वर्षांची बाई मी, रस्त्यावर खेळणं हिसकावलेल्या पोरीसारखी रडायला लागले. धाकटी म्हणाली, "तो? अक्का, तो पहिल्याच वर्षी होस्टेलात हरवला. अप्पांना सांगायची हिंमत झाली नाही. ते फोनवर विचारायचे, 'हाय ना जपून?' मी म्हणायचे, 'हाय.' त्या भीतीनं मी त्यांच्याशी फोनवर धड बोलले नाही कधी. लवकर ठेवून द्यायचे."

तुम्हाला वाटेल, इथं आमचं मन मोकळं झालं. तसं झालं नाही. मला तिची दया यायला हवी होती, आणि मला तिचा नव्यानं संताप आला. हरवला! तीस वर्षं मी ज्या पेटीवर जळत होते ती पेटी जगात नव्हतीच. माझ्याकडं असता तर आजही त्यात तेलाचा थेंब पडत राहिला असता. मी हे तिला बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "माहीत आहे मला." मग उठली, मोबाइल काढला आणि पट्टीच्या वर चटई किती उंच धरली की दिवा हिरवा होतो ते मोजायला लागली. डोळे पुसत पुसत मोजत होती. किती लांबून, किती लांबून. मी पाटावर बसून बघत राहिले. माझ्या लक्षात आलं, की ही हेच करते. घर पडलं तरी ही आधी अंतर मोजेल. तुम्ही ते तिच्या आठव्या वर्षी ओळखलंत. तुमचं बरोबर होतं, हे मला लिहावंच लागतंय.

अव्वा घरी आली. धाकटी आठवडाभर राहिली, अव्वाचं सगळं केलं, माझ्याशी कामापुरतं बोलली. अव्वाला तिनं काही सांगितलं नाही. जाताना पाया पडली, तेव्हा मीच मागं सरकले. मग दोन महिने तिचा फोन थेट अव्वाला यायचा. अव्वा मला विचारायची, "तुमचं काय बिनसलंय गं?" मी म्हणायचे, "काय न्हाई, ती कामात हाय." अव्वाचं आता बरं आहे. छातीवरच्या वणाला हात लावून शेजारणींना सांगते, "आमच्या मालकांनी जन्मभर मोटारी बांधल्या, आता माझ्यातबी एक बसवलीय." पेसमेकर आहे तोवर चटईचं ते चुंबकाचं काम तिच्या जवळ नको, असं डॉक्टरांनी सांगितलंय. त्यामुळं चटई आणि सेन्सर गुंडाळून कपाटात पडून होते.

आषाढात एक पार्सल आलं. आत नवी चटई. कॉइलच्या पाठीमागं आता एक काळी पातळ शीट लावलेली आहे, ट्रान्सफॉर्मरच्या कोअरसारखं काम करणारी, खाली लोखंड असलं तरी वीज तिकडं पळू नये म्हणून. सोबत एक छापील सूचनांचा कागद, मराठीत. पहिलीच सूचना लोखंडी पलंगाबद्दलची. ती ओळ मी चार वेळा वाचली. ती माझ्यामुळं तिथं आली हे कुणाला कधी कळणार नाही, आणि कळू नये अशीच गोष्ट आहे ती. तरी मी कागद उलटा करून पाठीमागं आपलं नाव आहे का, ते बघितलं. चटईखाली एक चिठ्ठी होती, धाकटीच्या हातची. "अक्का, सेन्सर आता तू लाव. मागच्या पलंगावरच झोप आणि दिवा बघून सांग. तुझ्याएवढं बारीक कुणी बघत नाही." एवढंच. माफी दिली, असंही नाही आणि नाही दिली, असंही नाही. मला वाटतं हे तिनं तुमच्याकडूनच उचललं.

तर सध्या तो सेन्सर माझ्या बरगडीवर आहे. दुपारी दुकान बंद करून मी मागच्या खोलीत अर्धा-पाऊण तास पडते. दिवा हिरवा लागतो. पट्टीला हात लावून बघते, गार असते. मी रोज तिला मेसेज करते, कधी सेन्सर कुशीखालून सरकला तर तेही लिहिते, एकही दिवस चुकवलेला नाही. माझ्या काळजाचे ठोके तिला पुण्यात दिसतात. आयुष्यभर जिला काही दिसू दिलं नाही, तिलाच.

हे कागद मी वाइंडिंगच्या मशीनखालच्या खणात, इन्सुलेशनच्या पेपराच्या गठ्ठ्यात ठेवणार आहे. तिथं अव्वाचा हात पोचत नाही आणि धाकटीला त्या खणात काही काम नसतं. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही उलट काही विचारणार नाही. जी विचारू शकेल, तिला लिहायचं धाडस अजून झालेलं नाही.

एक राहिलं. काल दुपारी तिचा फोन आला. नवी चटई एका मोठ्या हॉस्पिटलनं घ्यायचं ठरवलंय, सगळ्यांत आधी मला सांगतेय म्हणाली. मी म्हटलं, "लई चांगलं झालं की गं." मनापासून म्हटलं, आणि चांगलं निघालं तोंडातून. तिनं विचारलं, "अक्का, तुझे ठोके एकदम एवढे का वाढले? बरं आहे ना तुला?" मी म्हटलं, "काय न्हाई, आत्ताच जिना चढून आले."

आपल्या घराला जिना नाही, अप्पा. तिला माहीत आहे.